केरळच्या सहलीत थट्टेकाड : एक मुक्काम पुरेल का?

चाफा
नमस्कार मंडळी. जानेवारीअखेर घरचे पाचजण केरळला निघालोय. मी, नवरा, तिसरीतला मुलगा आणि सासू-सासरे. सगळे करतात तोच मार्ग : कोची, मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी. टूर कंपनी नाही, गाडी ठरवली आहे, त्यामुळे वेळापत्रक आपल्या हातात.

मला पक्ष्यांचा नाद आहे. पुण्याजवळचं पाषाण, कवडीपाट, भिगवण हे नेहमीचं. उघड्यावरचे, पाण्यावरचे पक्षी बऱ्यापैकी ओळखता येतात. सदाहरित जंगलाचं तंत्र मात्र वेगळं असतं म्हणतात, आवाज चहूबाजूंनी आणि नजरेला काहीच पडत नाही. थट्टेकाडच्या पक्षी अभयारण्याबद्दल खूप ऐकलंय. कोचीहून मुन्नारला जाताना तिथे एक रात्र राहावं असं मनात आहे. पण घरात बाकी कुणालाच पक्ष्यांचं वेड नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मुलगा दहा मिनिटांच्या वर एका जागी टिकत नाही. एका मुक्कामात काही पदरात पडेल का? गाईड घ्यावाच लागतो का? की आत्ता हट्ट सोडावा आणि पुढे कधीतरी एकटीनेच जावं?

रानवाटा
नक्की जा. तुमच्या वाटेवरच आहे. कोची-मुन्नार रस्त्यावर कोतमंगलम लागतं, तिथून बारा-तेरा किलोमीटर आत. विमानतळावरून थेट निघालात तर साधारण दीड तास धरा.

अभयारण्य लहानसं आहे, जेमतेम २५ चौरस किलोमीटर. पेरियारच्या काठचं सखल भागातलं जंगल. मुन्नार दीड हजार मीटर उंचीवर, म्हणून दोन्हीकडचे पक्षी वेगळे. थट्टेकाडला मलबारी कर्णा, राखी धनेश, फ्रॉगमाऊथ (घुबडासारखा निशाचर पक्षी), पांढऱ्या पोटाचा टकाचोर. मुन्नारच्या शोला जंगलात (उंचावरच्या खोलगट जागांतलं सदाहरित रान) निलगिरी फ्लायकॅचर आणि तो काळा-नारिंगी फ्लायकॅचर. दोन-तीन तासांच्या गाडीप्रवासात इतका बदल क्वचितच कुठे मिळतो.

गाईड घ्याच, आणि तिथलाच घ्या. पक्षी फक्त अभयारण्याच्या फाटकाच्या आत नसतात. आजूबाजूच्या रबराच्या बागा, जायफळाची झाडं, कुणाच्या परसामागचा ओढा, भूततानकेट्टू बंधाऱ्याकडचा रस्ता, उरुळंतण्णीची वाट, कुठे कधी उभं राहायचं हे तिथल्या माणसालाच ठाऊक असतं.

एका मुक्कामात एक संध्याकाळ आणि एक सकाळ मिळते. सकाळ पूर्ण वापरा. नाश्ता करून निघू म्हणालात तर अर्धं गेलंच.

डोंबिवलीकर
जा जा. फक्त एक सूचना. घरच्यांना पक्षी दाखवताना "ते बघा, त्या हिरव्या झाडावर" असं म्हणू नका. तिथे सगळी झाडं हिरवीच आहेत. :)

घड्याळाची पद्धत आधी घरीच शिकवून ठेवा. समोर बारा, उजवीकडे तीन. "जाड खोड, दोनवर, दुसरी फांदी" म्हटलं की आजी-आजोबांनाही पटकन सापडतं.

कोचीवाली
मी लग्नानंतर कोचीत स्थायिक झाले, त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा थट्टेकाडची वारी करतोच. काही व्यावहारिक गोष्टी.

अभयारण्याच्या परिसरातच लोकवस्ती आहे, शेती आहे, छोटे होमस्टे आहेत. घरगुती जेवण मिळतं. भाकरी-भाजीची सवय असलेल्यांनाही पुट्टू आणि कडला करी आवडते, सासऱ्यांना खाऊ घाला. जानेवारीत पाऊस नसतो, जळवांचा त्रास नाही म्हणण्याइतका कमी. पण दमट हवा आणि ऊन असतं. सकाळी साडेदहानंतर घामाच्या धारा लागतात, ज्येष्ठांना त्या वेळी बाहेर फिरवू नका.

आणि हत्ती. हे गंभीरपणे घ्या. रात्री किंवा पहाटे गाईडशिवाय आपलं आपण फेरफटका मारायला निघू नका, होमस्टेवाले नको म्हणाले तर वाद घालू नका.

तिलारीकर
मला कळत नाही, त्यासाठी केरळलाच कशाला? कर्णा आमच्या सिंधुदुर्गातल्या तिलारीत आहे, आंबोलीत आहे. फ्रॉगमाऊथ गोव्यात मोलेमच्या जंगलात आहे. राखी धनेश दोडामार्गात घरामागच्या वडावर येऊन बसतो. पुण्याहून रात्री निघालात की सकाळी जंगलात. हा सगळा एकच सह्याद्री आहे.

आपल्याकडचं जंगल बघायला माणूस येत नाही, म्हणून ते कुणाच्या खिजगणतीत नाही. दोडामार्ग तालुक्यात डोंगरच्या डोंगर साफ करून रबर लावलं गेलं ते डोळ्यांसमोर आहे. २०२०मध्ये तिलारी संवर्धन राखीव जाहीर झालं, पण आजूबाजूचा पट्टा उघडाच आहे. बाहेरून चार माणसं दुर्बीण घेऊन आली, गावातल्या पोरांना त्यातून दोन पैसे मिळाले, की झाडाची किंमत गावालाही कळते. हे मी तळमळीने लिहितोय, कुणाला टोमणा नाही.

रानवाटा
@तिलारीकर, शंभर टक्के मान्य. तिलारीवर स्वतंत्र धागा काढा, मी माझ्या नोंदी टाकतो.

पण चाफाताई सहकुटुंब केरळला निघाल्याच आहेत. आणि काही पक्षी आपल्याकडे खरोखर नाहीत. पांढऱ्या पोटाचा टकाचोर दक्षिणेकडच्या घाटांतच नीट दिसतो. श्रीलंकन बे आऊल तर आणखी दुर्मीळ. शिवाय तिथे स्थानिक गाईडची परंपरा मुरलेली आहे, त्यामुळे नवख्या माणसाला थोड्या वेळात पुष्कळ दिसतं. तुम्ही म्हणता ना गावातल्या पोरांना दोन पैसे मिळावेत, ते तिथे प्रत्यक्षात घडलंय. तिलारीला त्यातून शिकण्यासारखं आहे.

टेलीलेन्स
फोटोची आवड असेल तर सरळ हाइड बुक करा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तर वरदान. कापडाचा आडोसा, आत खुर्च्या, समोर दगडांत केलेलं लहान पाणवठं. दुपारी तीन-साडेतीनपासून पक्षी आंघोळीला येतात. केशरी डोक्याचा कस्तूर, पाचू कवडा, नवरंग, निळ्या गळ्याचा फ्लायकॅचर, नशिबात असेल तर राखी रानकोंबडा. पंधरा फुटांवर! जंगलात दिवसभर मान वर करून फिरलात तरी असे फोटो मिळणार नाहीत.

फ्रॉगमाऊथ गाईड दाखवतोच, त्यांना बसायच्या फांद्या माहीत असतात.

सुमेधा_क
हाइडबद्दल माझं फार दुमत नाही, पण फ्रॉगमाऊथ "दाखवतोच" यावर आहे.

हा निशाचर पक्षी. दिवसा जोडी एकमेकांना चिकटून वेली-बांबूच्या गर्दीत बसते, नर राखाडी आणि मादी तांबूस. डोळे मिटलेले, चोच किंचित वर, चोचीच्या मुळाशी राठ केसांची झालर. वाळलेल्या पानांचा झुबका अडकलाय असंच वाटतं. त्याचा सगळा बचाव एकाच गोष्टीवर आहे : हलायचं नाही. आपण चार हातांवर जाऊन फांद्या बाजूला सारतो तेव्हा तो शांत दिसतो, पण तो निवांत असतो म्हणून नव्हे, हलला तर जीव धोक्यात येईल म्हणून. विणीचा काळही साधारण जानेवारीपासूनच सुरू होतो. घरटं तळहातापेक्षा लहान, त्यात एकच अंडं, आणि दिवसा त्यावर नर बसतो. तो उठला की अंडं उघडं पडलं.

एका सकाळी एका झाडाखाली माणसांची रांग लागलेली मी पाहिली आहे. एक गट बाहेर येतो, दुसरा आत जातो, कुणी पान बाजूला धरतो, कुणी फ्लॅश मारतो. मला तिथे उभं राहवलं नाही.

टेलीलेन्स
@सुमेधा_क, फ्लॅश मीही मारत नाही, आणि तो कुणी मारू नये हे मान्य. पण लोकांनी तो पक्षी बघूच नये म्हणालात तर त्याच्याविषयी आपुलकी कशी निर्माण होणार? मी तो फोटो दाखवला तेव्हा आमच्या सोसायटीतल्या मुलांनी पहिल्यांदा घुबडाव्यतिरिक्त कुठल्या निशाचर पक्ष्याचं नाव ऐकलं.

सुमेधा_क
बघूच नये असं नाही. लांबून बघा. आठ पटीच्या दुर्बिणीतून वीस फुटांवरूनही चोचीवरची झालर दिसते. गाईडला आधीच सांगा : "आम्हाला जवळ नको, रांग असेल तर आम्ही पुढे जातो, मोबाइलवर आवाज वाजवू नका." पैसे आपण देतो, तर मागणीही आपलीच चालते. गिऱ्हाईक जवळ जायचा आग्रह धरतं म्हणून गाईड जवळ नेतो. बहुतेक गाईडना पक्ष्याची काळजी आपल्यापेक्षा जास्त असते, त्यांना आपला पाठिंबा हवा असतो.

वकीलसाहेब
एक माहिती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही धरलं आहे. म्हणजे घरट्याभोवतीच्या फांद्या वाकवणं ही फक्त सभ्यतेची बाब उरत नाही.

बोरीबंदर
सुमेधाताईंना अनुमोदन. वाजवलेल्या आवाजाबद्दल : नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं सोडून, पिल्लांना सोडून त्याला हाकलायला येतो. आपण म्हणतो "वा, आला!"

मैत्रेयी
मर्लिन ॲप कुणी वापरतं का? आवाजावरून पक्षी सांगतं. सहलीला उपयोगी पडेल ना?

रानवाटा
पडेल. निघण्याआधी भारताचा संच घरच्या वायफायवर उतरवून घ्या, तिथे रेंजचा भरवसा नाही. पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. भृंगराज कोतवाल, तो शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला झुपके असलेला, इतरांच्या हुबेहूब नकला करतो. ॲप दुसराच पक्षी सांगेल आणि समोर फांदीवर हा बसलेला असेल.

भृंगराज दिसला तर मात्र तिथून हलू नका. त्याच्याबरोबर बहुधा मिश्र थवा चालत असतो : निखार, सुतार, निळसर नटहॅच, सातभाईंचे भाऊबंद. अर्धा तास सामसूम आणि मग दहा मिनिटं कुठे बघू अन् कुठे नको. पुन्हा सामसूम. सदाहरित जंगलातलं गणित हेच आहे. चालत राहिलात तर थव्याशी गाठ चुकते, थांबलात तर तो तुमच्यावरून जातो.

पेठकर
पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या नावाचं अभयारण्य ते हेच ना? आम्ही गोव्यात पाहिलं होतं बहुतेक, होडीतून फिरवतात.

कोचीवाली
गोव्यातलं ते चोडण बेटावरचं, मांडवीतलं. ते खारफुटीचं, तिथे खंड्या आणि बगळे. थट्टेकाडलाही त्यांचंच नाव आहे. १९३३मध्ये त्यांनी तेव्हाच्या त्रावणकोर-कोचीन संस्थानांत पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं, तेव्हा हा भाग पायाखाली घातला होता. अभयारण्य झालं ते पन्नास वर्षांनी, १९८३मध्ये.

पेठकर
धन्यवाद. खेतवाडीत वाढलेला, किहीमला सुगरणीची घरटी बघत बसणारा माणूस तेव्हा त्या रानात कसा पोचला असेल! आज दीड तासात गाडीने जातो आपण.

उषाताई
चाफा, गुडघ्यांवरून तू मागे फिरू नकोस. मी सत्तरी ओलांडली आहे, माझा एक गुडघा बदललेला आहे, तरी मी जाऊन आले. म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या बरोबरची तरुण मंडळी सकाळी गाईडबरोबर चालायला गेली. मला गाईडने एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, समोर एक उंच झाड, त्याच्या खोडात माणसाच्या दोन उंचीवर एक फट. म्हणाला, अम्मा, इथून हलू नका. मार्च महिना होता.

पाऊण तास काहीच नाही. मग पंखांचा फड् फड् आवाज आला आणि राखी धनेशाचा नर खोडाला येऊन बिलगला. शेपूट खोडाला टेकवलेली, नखं सालीत रुतवलेली. त्याच्या चोचीत काहीच दिसेना. मग त्याने मान झटकली आणि घशातून एक लाल फळ वर काढून चोचीच्या टोकाशी आणलं, फटीत दिलं. पुन्हा मान झटकली, पुन्हा एक फळ. असं किती वेळ चाललं होतं. आतून फक्त चोचीचं टोक दिसायचं. मादी ते ढोलीचं तोंड स्वतःच लिंपून आत कोंडून घेते, पिल्लं मोठी होईपर्यंत तिचं आणि पिल्लांचं पोट त्या एका नरावर. तो मेला तर आतल्यांचं अवघड होऊन बसतं.

तो गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. तो परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. चालायला गेलेल्यांनी खूप नावं लिहून आणली, त्यांचाही आनंद खरा आहे. पण मला एका पक्ष्याचा संसार बघायला मिळाला, तो त्यांना नाही मिळाला.

तुझ्या सासूबाईंना खुर्ची मिळवून दे. चालण्यापेक्षा बसण्याने हे रान जास्त उलगडतं. तुम्ही जानेवारीत जाताय, तेव्हा ढोली लागलेली असेल-नसेल. पण फळांनी लगडलेला उंबर नाहीतर वड गाईडला विचारून घे आणि तिला तिथे बसव. हरियल, तांबट, नीलपरी, धनेश सगळे तिथे जेवायला येतात.

डोंबिवलीकर
उषाताई, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका. वाचनखूण साठवली.

सुमेधा_क
+१. डोळ्यांसमोर उभं राहिलं.

मैत्रेयी
नवरंग आपल्याकडे पावसाळ्यात असतो ना? टेलीलेन्स यांनी केरळला जानेवारीत दिसतो म्हटलंय.

बोरीबंदर
तोच पक्षी. आपल्याकडे जूनच्या आसपास विणीला येतो, कर्नाळ्याला आणि येऊरला तेव्हा त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. थंडीत दक्षिणेत जातो. तिथे जमिनीवरच्या पालापाचोळ्यात किडे उचकत हिंडताना दिसतो. म्हणून केरळात त्याचं रान टिकलं तरच आपल्या पावसाळ्यात त्याची शीळ येणार.

तिलारीकर
आणि आपलं टिकलं तर त्याची वीण होणार. मी तेच सांगत होतो.

चाफा
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना उषाताईंचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मला ती खुर्ची पाहिजे." विषय संपला! अलेप्पीचा एक मुक्काम कमी करून थट्टेकाडला दोन केले. गाईडला फोनवरच सांगितलं की आवाज वाजवायचा नाही आणि फ्रॉगमाऊथजवळ न्यायचं नाही. त्याला बरंच वाटलं.

चाफा (सहलीनंतर)
आलो. वृत्तांत देते, लांबण लावत नाही.

कर्णा दिसला. आधी त्याची पाठ दिसली आणि मी ती बघून पुढे गेले असते, कारण ती तपकिरी पाठ झाडाच्या सालीसारखीच. गाईडने खांद्यावर हात ठेवून थांबवलं. तो पक्षी आमच्याकडे पाठ करून बसतो, निश्चल. बऱ्याच वेळाने त्याने फक्त मान फिरवून मागे पाहिलं, मग सावकाश वळला आणि पोटाचा तो लाल रंग दिसला. काळं डोकं, मध्ये पांढरी रेघ, खाली लाल. सासऱ्यांनी दुर्बीण मागितली ती परत दिलीच नाही.

मुलाला पक्ष्यांपेक्षा जास्त आवडला तो उडणारा सरडा. जायफळाच्या खोडावर बसलेला, गळ्याखालचा पिवळा पडदा उघडमीट करणारा. मग अंग पसरून समोरच्या झाडावर तरंगत गेला. त्यानंतर प्रत्येक खोड तपासायचं काम मुलाने घेतलं, त्यामुळे तो एका जागी बसेल का हा प्रश्नच उरला नाही. मुलं असतील तर पक्षी-पक्षी करू नका, जंगलात जे दिसेल ते बघू द्या, हा माझा आग्रहाचा सल्ला.

सासूबाई दोन्ही सकाळी फळलेल्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या. ढोली नाही मिळाली, पण नीलपरीचा थवा मिळाला. काळाभोर पक्षी, उन्हात आला की पाठ निळी पेटते. हरियल त्यांनीच आधी पाहिला आणि हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी असं गाईडला मराठीत सांगितलं. त्याला समजलं.

फ्रॉगमाऊथ लांबून पाहिला. तिथे आधीच एक गट होता, ते बाहेर येईपर्यंत आम्ही थांबलो, मग गाईडने वाटेवरूनच दाखवला. सुमेधा म्हणते तसं, पुरेसा दिसतो. राज धनेश, म्हणजे राखी धनेशाचा थोराड भाऊबंद, मिळाला नाही.

एक मुक्काम पुरला असता का? नसता. पहिल्या सकाळी डोळ्यांना सवयच होत नाही. दोन हवेतच.

हर्षल_नगर
छान धागा. आम्हाला मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यातच जमतं. जावं का?

कोचीवाली
मेच्या पहिल्या पंधरवड्यात चालेल. हिवाळी पाहुणे गेलेले असतील, नवरंग मिळणार नाही, पण इथलेच पक्षी असतात. दुपारी वळवाचा पाऊस आणि विजा असतात, म्हणून सगळं सकाळी उरका. पाऊस पडून गेला असेल तर जळवांचे मोजे घाला, मीठ जवळ ठेवा. महिनाअखेरीस मॉन्सून दाराशी असतो, तेव्हा नको.

हर्षल_नगर
धन्यवाद. रेल्वेने यायचं तर?

कोचीवाली
नेत्रावती एक्सप्रेसने आलुव्याला उतरा. एर्नाकुलमपर्यंत जाऊ नका, उगाच शहराच्या गर्दीत अडकाल. आलुव्याहून टॅक्सी मिळते, होमस्टेवालेही गाडी पाठवतात.

तिलारीकर
चाफाताई, आता सासूबाईंची खुर्ची तिलारीला आणा. उंबर मी दाखवतो.

चाफा
मार्चमध्ये शाळेची परीक्षा झाली की लगेच. राहायची सोय गावात होते का? आणि धनेशाची ढोली तेव्हा चालू असेल का?

तिलारीकर
ढोली असते. गावात दोन-तीन घरं पाहुणे ठेवतात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. गाडी धरणापर्यंत येते, पुढे सपाट वाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही.